पेटीत टाक

कुलूप कापायला चार मिनिटं लागली आणि ती चारही मिनिटं मी घड्याळाकडे बघत होते, कारण माझा पाचवा तास होता, नववी ब, आणि समीकरणं अर्धवट राहिली होती. शिवम्मा, आमच्या कन्या प्रशालेच्या शिपाई मावशी, समोरच्या वेल्डिंगच्या दुकानातून लोखंड कापायचं पातं मागून घेऊन आल्या होत्या आणि खुर्चीवर उभ्या राहून भिंतीवरच्या तक्रारपेटीचं दुसरं कुलूप कापत होत्या. पहिलं किल्लीनं उघडलं. ती किल्ली आमचे मुख्याध्यापक हिंदुराव घाडगे यांच्या खणात, कागदाच्या पुडीत होती. उद्घाटनाच्या दिवशी लावलेलं कुंकू अजून तिच्यावर होतं. परवा गुरुवारी तपासणी समिती येणार होती. इंटरनेटवर आणि इतरत्र मुलींच्या सुरक्षिततेसाठी शाळेनं काय काय केलं ते बघायला. पेटी केव्हा केव्हा उघडली त्याची वही ती मंडळी मागणार, आणि वही कोरी होती. जानेवारीत लावलेली पेटी डिसेंबरात पहिल्यांदा उघडत होती. कुलूप खाली पडलं, शिवम्मानं पेटी उपडी केली आणि सरांच्या टेबलावर चौदा चिठ्ठ्या, तीन चॉकलेटचे कागद आणि एक मेलेली पाल पडली.

घाडगे सर चिठ्ठ्या मोठ्यानं वाचत गेले. संडासाला कडी नाही. पाण्याच्या टाकीत अळ्या आहेत. चित्रकलेचे सर ओरडतात. नंदीबाई फार गृहपाठ देतात. यावर सर हसले, मीही हसले. नंदीबाई म्हणजे मी. दाक्षायणी हिरेमठ, गणित आणि संगणक, एकतीस वर्षं नोकरी. शिकवताना माझी मान हलते. मुलगी फळ्यावर गणित सोडवत असली की मी मागे उभी राहून मान हलवते, कुणी काही विचारलं की ऐकताना हलवते, मनात दुसरंच काही चाललेलं असलं तरी हलवते. आमचे हे, बसवराज, नव्या पेठेतल्या त्यांच्या कापडाच्या दुकानात गिऱ्हाइकांना सांगतात की हिला लग्नाचं विचारलं तेव्हा हिनं मान हलवली, होकार समजून मी अडकलो. पोरींनी ठेवलेल्या नावाचा मला राग नाही. आमच्यात देवळात गेलं की महादेवाच्या आधी नंदीच्याच पाया पडतात. पुढची चिठ्ठी सरांनी उघडली, दोन ओळी मनातल्या मनात वाचल्या आणि ती माझ्याकडे सरकवली. ती हिरव्या स्केचपेननं लिहिलेली होती.

बाई, तुम्ही सांगितलं तसं मी नाव लिहिलं नाही. माझा बक्षिसाचा फोटो घेऊन कुणीतरी माझ्या नावानं खातं काढलंय. त्यात माझी शाळा आणि गाव पण आहे. तो मुलांशी बोलतो, मी बोलल्यासारखं. मला म्हणतो, फोनवर बोल, नाहीतर हे सगळं तुझ्या वडिलांना पाठवीन. मी बोलले नाही. आईला वाचता येत नाही. तुम्ही कुणाला सांगू नका, फक्त ते बंद करा. तुम्ही वाचलं की वर्गात माझ्याकडे बघून मान हलवा, म्हणजे मला कळेल. मग मी घाबरणार नाही.

नाव नव्हतं, पण नावाची गरजही नव्हती. ते बारा रंगांचं स्केचपेनचं पाकीट मीच तिला बक्षीस म्हणून दिलं होतं. जुलैत आम्ही ऑनलाइन सुरक्षा सप्ताह केला. वरून पत्र आलं होतं, सप्ताह करा आणि फोटो पाठवा. मी उत्साही आहे, हा माझा जुना दोष. पालकांना बोलावलं, प्रभातफेरी काढली, पोस्टर स्पर्धा ठेवली. सुकन्या गडदेनं पोस्टर काढलं होतं: एक मुलगी, तिच्या हातात मोबाइल, आणि मोबाइलच्या पडद्यातून बाहेर आलेला एक लांबच लांब हात. खाली ठळक अक्षरांत, अनोळखी माणसाला आपलं नाव, गाव, शाळा सांगू नका. पहिला नंबर तिचा, यात दुमत नव्हतं. तिला पोस्टर छातीशी धरून उभं केलं, मी शेजारी उभी राहिले, आमचे तेव्हाचे क्लार्क धुळाप्पा यांनी फोटो काढला आणि शाळेच्या पानावर टाकला. खालचा मजकूर मी दिला. कुमारी सुकन्या बिरुदेव गडदे, इयत्ता नववी ब, राहणार कुंभारी, प्रथम क्रमांक. टाकण्याआधी मी तो तीनदा वाचला, वेलांट्या तपासल्या, बिरुदेवचा रु ऱ्हस्व आहे याची खात्री केली. पोरीच्या छातीवर लिहिलं होतं सांगू नका, आणि तिच्या पायाशी मी सगळं सांगून टाकलं होतं. हे माझ्या लक्षात आलं नाही. घाडगे सरांच्या आलं नाही, चाळीस शिक्षकांच्या, पालकांच्या, ज्यांना तो फोटो पाठवला त्या कार्यालयातल्या कुणाच्याही आलं नाही. सगळ्यांनी अंगठे दिले, फुलं दिली, अभिनंदन लिहिलं. कुंभारीतल्या विडी कामगारांच्या वसाहतीतली पोर, बाप मेंढरांमागं, तिचा पहिला नंबर. कुणाला कौतुक वाटणार नाही? लक्षात आलं ते फक्त त्या कुणाला तरी, जो कोण होता तो.

आणि दोन कुलपं. तीही माझीच अक्कल. पेटी लावायची ठरली तेव्हा मी बैठकीत म्हणाले, एकच किल्ली असली तर मुलींचा विश्वास बसणार नाही, वाचणारा एकटाच चिठ्ठी दडवू शकतो. दोन कुलपं लावू. एक किल्ली मुख्याध्यापकांकडे, दुसरी पालक प्रतिनिधीकडे. दोघं आल्याशिवाय पेटी उघडायची नाही. टाळ्या पडल्या. पालक प्रतिनिधी होत्या चंद्रिका म्हणून, माझ्या माहेरच्या, अक्कलकोटच्या ओळखीतल्या. त्यांची मुलगी दहावी झाली, निकाल लागला, त्या हुबळीला गेल्या, आणि किल्ली त्यांच्या घरच्या किल्ल्यांच्या जुडग्यात हुबळीला गेली. जूनमध्ये मी सरांना म्हणाले होते, नवा प्रतिनिधी नेमायला पाहिजे. सर म्हणाले, पालकसभेत बघू. पालकसभा झाली, तीत मी दीड तास बोलले, मोबाइलचा पडदा भिंतीवर मोठा करून दाखवला, मुलांचं खातं कसं बंद ठेवायचं ते दाखवलं, आणि किल्लीचं राहून गेलं. मग ऑगस्टमध्ये पेटी उघडत नाही हे मला माहीत होतं का? हा प्रश्न मी त्या दुपारी सरांच्या टेबलासमोर उभी असताना स्वतःला पहिल्यांदा विचारला, आणि नंतर दोन दिवस विचारत राहिले. माहीत होतं. विसरले होते असं म्हणायला तोंड आहे, पण माहीत होतं.

कारण ती आली होती. पेटीकडे जायच्या आधी ती माझ्याकडे आली होती. पंधरा ऑगस्टच्या आधीचा आठवडा, मी संगणक कक्षात बसून सप्ताहाचे फोटो कार्यालयाला पाठवत होते. प्रत्येक फोटोला तारीख, वेळ, किती मुली, किती पालक असं भरावं लागतं आणि चौदाव्या फोटोला ते पान अडकलं होतं. दारात सुकन्या उभी. तेल लावून घट्ट घातलेल्या दोन वेण्या, लाल रिबिनी. बाई, जरा बोलायचं हुतं. मी म्हणाले, बोल की. ती आत आली, दरवाजाकडे बघितलं, परत माझ्याकडे. फोनचं हाय, म्हणाली. मला आठवतं, माझी नजर परत पडद्यावर गेली होती. मी म्हणाले, अगं, फोनचं असेल तर पेटीत टाक. त्यासाठीच लावली ना ती. नाव लिहायचं नाही, घाबरायचं नाही, मी वाचते. आणि चौदावा फोटो गेला. गेल्याची हिरवी खूण आली म्हणून मी खूश झाले आणि वळून बघितलं तर ती निघून गेली होती. मला बरंच वाटलं. मुलीला योग्य मार्ग सांगितला असं वाटलं. मी सप्ताहात चार दिवस हेच शिकवलं होतं: घाबरू नका, लपवू नका, विश्वासातल्या मोठ्या माणसाला सांगा. ती विश्वासातल्या मोठ्या माणसाला सांगायला आली होती, आणि विश्वासातल्या मोठ्या माणसानं तिला एका पत्र्याच्या डब्याकडे पाठवलं.

मग वर्ग. नववी ब, डावीकडची रांग, तिसरा बाक. ऑगस्टचे शेवटचे दिवस, सप्टेंबर, सहामाही परीक्षेपर्यंत. ती माझ्या तोंडाकडे बघत असे. गणितात बरी होती, पण त्या दिवसांत वहीत काही लिहायची नाही, फळ्याकडे बघायची नाही, नुसती माझ्याकडे बघायची. शेजारी ऋतुजा बसायची, तिच्याच वसाहतीतली, ती कोपरानं ढोसायची तरी ही बघतच. मला ते बोचू लागलं. वय झालं की बाईमाणसाला कुणी एकटक बघितलेलं आवडत नाही, पदर सुटलाय का, कपाळावरची विभूती फिसकटलीय का असं वाटतं. एकदा मी खडू आपटून म्हणाले, सुकन्या, माझ्या तोंडावर उत्तर लिहिलंय का? फळ्याकडे बघ. वर्ग हसला. ती फळ्याकडे बघू लागली. आता सरांच्या खोलीत चिठ्ठी हातात धरून मला ते सगळे तास एकदम आठवले, आणि लाज वाटते सांगायला, पण पहिला विचार मनात आला तो सुटकेचा होता. निदान मी मान तर हलवली नाही. निदान तिला खोटा धीर तर दिला नाही. तिला कळलं असेल की बाईंनी वाचलेलं नाही.

दिवाळीनंतर ती आली नाही. नोव्हेंबरात तिचे काका, तात्याबा, दाखला घेऊन गेले, कारणाच्या रकान्यात स्थलांतर लिहिलं. मी हजेरीपटावर तिच्या नावावरून लाल रेघ मारली. मेंढपाळांच्या मुली अशा जातात. सांगोल्याकडची, मंगळवेढ्याकडची माणसं, दिवाळी झाली की मेंढरं घेऊन निघतात, मुली मागून जातात, हे आम्ही शिक्षक इतक्या वर्षांत इतकं समजून घेतलंय की आता कुणी गेलं तर विचारतसुद्धा नाही.

“सर, ही गडद्यांची सुकन्या,” मी म्हणाले.

“नाव कुठं आहे त्यावर?” घाडगे सर म्हणाले. वाईट माणूस नाही. दोन वर्षांनी निवृत्त होणार, मधुमेह आहे, जेवणाआधी इंजेक्शन घेतो. “मॅडम, नाव नाही, तारीख नाही. गुरुवारी समिती येऊन जाऊ दे. मग आपण बघू. तेवढी ही वेगळी ठेवा. बाकी तेरा वहीत चढवा, महिन्याला दोन-दोन अशा.”

मी मान हलवली. चिठ्ठी घडी करून पर्समध्ये ठेवली. पाचवा तास संपल्याची घंटा झाली होती.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून मी कुंभारीला गेले. बसमधून उतरले तेव्हा उन्हाची वेळ, डिसेंबर असूनही आमच्याकडचं ऊन ते, डोक्यावरून पदर घेऊन एकसारख्या घरांच्या एकसारख्या गल्ल्यांतून विचारत गेले. ओट्या-ओट्यांवर बायका सुपं मांडीवर घेऊन विड्या वळत होत्या. तंबाखूचा वास नाकात शिरला की मला लगेच शिंका येतात, आणि शिंकत शिंकत मी मायाक्काच्या दारात उभी राहिले. सुकन्याची आई. पालकसभेला आली होती, दीड तास पुढच्या सतरंजीवर बसून माझं बोलणं तोंड उघडं टाकून ऐकत होती. तिनं सूप बाजूला ठेवलं, हात लुगड्याला पुसले.

“बसा की बाई. च्या ठिवते.”

“चहा नको, मायाक्का. सुकन्या कुठंय?”

“तिकडं वेळापूरला. आत्याकडं हाय.” मग, “तुमाला ठाव न्हाय व्हय?”

मी मान हलवली. म्हणजे मला नाही म्हणायचं होतं. मायाक्कानं माझ्याकडे बघितलं आणि सुपातली एक विडी उगीच उचलून परत ठेवली. मग ती बोलू लागली, रडली नाही, पाऊसपाण्याचं सांगावं तसं सांगत गेली. दिवाळीनंतर बिरुदेव मेंढरं घेऊन कृष्णेकडं गेला होता. मेंढपाळांचा फोनवर ग्रुप आहे, कुठं चारा आहे, कुठला शेतकरी खतासाठी रानात मेंढरं बसवून घेतो, ते एकमेकांना कळवतात. त्या ग्रुपवर एका सकाळी सुकन्याचा फोटो आला. पोस्टर घेतलेला. खाली काहीबाही लिहिलेलं. बिरुदेव दुसऱ्याच्या रानात उभा होता, भोवती बारा घरची माणसं, प्रत्येकाच्या हातात तोच फोटो. सगळ्यांनी फोन खिशात टाकले म्हणे. स्वतःचा बाप मेला तेव्हासुद्धा कळप सोडून न आलेला माणूस दोन एसट्या बदलून घरी आला.

“मारलं का तिला?”

“न्हाय. मारलं असतं तर बरं झालं असतं. बोललंच न्हाईत. तिचं दप्तर उचललं आन् माळ्यावर टाकलं. म्हणलं, साळंनंच फोटू दिला, आता साळंला काय सांगायचं? आत्याचा पोरगा हाय, हेच्यात त्येच्यात जाण्यापरीस घरातल्या घरात बरं. सुपारी फोडली गेल्या सोमवारी.”

“मायाक्का, चौदा वर्षांची आहे ती. गुन्हा आहे हा.”

“लगीन कुटं केलंय? नुसती सुपारी फोडलीया.” मग तिनं पहिल्यांदा सरळ माझ्याकडे बघितलं. “बाई, एक इचारू? रागावू नका. मी तिला लई बोलली. म्हणलं, आगं भवाने, आधी कुणाला तर सांगायचं हुतंस. तर म्हणली, बाईला सांगितलंय. बाईला समदं ठाव हाय. मी म्हणलं, कशावरनं? तर म्हणली, चिठ्ठी टाकली हुती, बाईनं वर्गात माज्याकडं बघून मान हलवली. रोज हलवतात, म्हणली. मंग मी बी गप बसले. म्हणलं बाई एवढ्या शिकलेल्या, करत असतील कायतरी.”

मी त्या ओट्यावर बसले होते. पाठीमागं भिंत होती, तिला पाठ टेकवली. समोरच्या घरात कुकरची शिट्टी झाली, एक बाई तेलुगूत कुणाला तरी हाका मारत होती, आणि मला नववी ब दिसू लागली. समीकरण फळ्यावर, मी खिडकीपाशी, आणि माझी मान, जी माझी आई अक्कलकोटला न्हाऊ घालताना दोन हातांनी धरून ठेवायची, कानडीत सुम्ने कूत्को, गप्प बस म्हणायची, ती माझी मान आपल्या आपण वरखाली होतेय. तिसऱ्या बाकावरची पोर बघतेय. पहिल्या दिवशी तिला काय वाटलं असेल? त्या दिवशी ती घरी जाऊन पोटभर जेवली असेल. बसमध्ये ऋतुजाशी हसली असेल. दुसऱ्या दिवशी परत बघितलं, परत हलली. बाईंना माहीत आहे. आठ दिवस गेले, ते खातं बंद झालं नाही. बाईंना वेळ लागत असेल. महिना गेला. तो माणूस रोज लिहितोय, बाई रोज मान हलवतायत. माझ्या तोंडावर उत्तर लिहिलंय का, म्हणून विचारलं होतं मी तिला. लिहिलेलं होतं, आणि तिनं ते रोज वाचलं होतं.

“फोन लाव तिला,” मी म्हणाले. तुम्हीवरून तूवर आले हे माझ्या लक्षातही आलं नाही. मायाक्कानं फोन माझ्याच हातात दिला, शेळी दाबा म्हणाली, नावं तिला वाचता येत नव्हती. आत्याच्या नावाला सुकन्यानं शेळीचं चित्र लावून ठेवलं होतं, नवऱ्याच्या नावाला मेंढीचं. आत्यानं फोन घेतला, मग बराच वेळ भांड्यांचा आवाज, मग ती.

“बाई?”

“सुकन्या. कशी आहेस?”

“बरी हाय. बाई, सहामाहीचं पेपर दिलं का वाटून?”

“दिले. तुला गणितात सव्वीस आहेत चाळीसपैकी.” हे मी कशाला सांगितलं मला ठाऊक नाही. “सुकन्या, ऐक. तुझी चिठ्ठी मी काल वाचली. काल. पेटी उघडलीच नव्हती कुणी. मला माहीत नव्हतं गं काही.”

आत्या मागून काहीतरी म्हणाली.

“पर तुमी मान हलवली हुती,” सुकन्या म्हणाली.

“ती माझी सवय आहे. ती अशीच हलते. तू नाही का मला नंदीबाई म्हणत?”

ती हसेल असं मला वाटलं होतं. इतकी मी मूर्ख. ती गप्प राहिली, आणि त्या गप्प राहण्यात मला ऐकू आलं की मी तिच्याकडून शेवटचं काहीतरी काढून घेतलं. बाईंना ठाऊक होतं आणि बाईंनी काही केलं नाही, हे वाईटच. पण त्यात निदान कुणाला तरी ठाऊक होतं. आता मी तिला सांगत होते की ते तीन महिने ती अगदी एकटी होती.

“आसू द्या बाई,” ती म्हणाली. मोठ्या बाईसारखी म्हणाली. “आत्या हाक मारत्यात. आन् बाई, त्यो फोटू काढा की तेवढा. अजून तितंच हाय.”

बसची वाट बघत रस्त्याकडेच्या बाभळीखाली उभी राहून मी शाळेचं पान उघडलं. फोटो तितंच होता. सुकन्या, पोस्टर, पोस्टरमधला लांब हात, आणि शेजारी मी, हसत. ते पान धुळाप्पांनी काढलं होतं, त्यांची संस्थेच्या दुसऱ्या शाळेत बदली झाली सप्टेंबरात, पासवर्ड त्यांच्याकडं. त्यांना फोन केला. ते म्हणाले, मॅडम, तो फोन पडला पाण्यात, पासवर्ड त्यातच होता, तुम्ही तक्रार टाका की त्या कंपनीकडं. तक्रार टाकली. चार मिनिटांत उत्तर आलं, या फोटोत नियमांविरुद्ध काही आढळलं नाही. खरंच आहे, काही नव्हतं आढळण्यासारखं. एका शाळकरी मुलीला बक्षीस मिळालं होतं. मग मी दहा नव्वद आठ, मुलांच्या मदतीचा नंबर, लावला. तो नंबर मी शेकडो पालकांना पाठ करून घेतलाय, हाताच्या बोटांवर म्हणायला लावलाय, स्वतः कधी लावला नव्हता. एका मुलीनं उचलला, आवाज गोड होता. मुलीचं नाव, वय, गाव सांगितलं. ती लिहून घेत होती. मग तिनं विचारलं, मॅडम, तुम्हाला हे केव्हापासून माहीत आहे? बस आली होती. कंडक्टर चला चला म्हणत होता. मी काल म्हणाले. मग मी ऑगस्ट म्हणाले. ती म्हणाली, नक्की कधी? मी फोन ठेवला नाही, पण उत्तरही दिलं नाही, आणि बसच्या आवाजात ती हॅलो हॅलो करत राहिली. वेळापूरला माणूस पाठवू, असं शेवटी म्हणाली. पाठवतील. आत्या त्यांना दाखला दाखवील, शिकायला आणलीय म्हणेल, चहा देईल.

त्या संध्याकाळी मी ठरवलं. गुरुवारी चिठ्ठी समितीसमोर टेबलावर ठेवायची. पेटी कधी उघडली नव्हती, किल्ली हुबळीला आहे, फोटो मी टाकला, मुलीला मी परत पाठवलं, सगळं सांगायचं. बसवराजना सांगितलं तर ते जेवता जेवता थांबले आणि म्हणाले, सांगच. मला बरं वाटलं. सांगितल्यानं सुकन्याचं काय होणार होतं? कदाचित समितीतलं कुणी फोन फिरवील, कदाचित सुपारी मोडेल, कदाचित ती परत तिसऱ्या बाकावर येईल. एवढं खरं की न सांगितलं तर यातलं काहीच होणार नव्हतं.

गुरुवारी समिती आली, दोन बाई आणि एक साहेब. पेटी धुऊन पुसून, दोन्ही कुलपं नवी लावून, झेंडूचा हार घालून तयार होती. घाडगे सरांनी वही दाखवली, तीत चंद्रिकाबाईंच्या सहीच्या जागी कुणाची तरी सही होती. मग साहेब म्हणाले, जरा मुलींशी बोलू. नववी ब जवळ होती म्हणून नववी ब मध्ये गेलो. माझी पर्स माझ्या काखेत, चिठ्ठी तिच्या पुढच्या कप्प्यात, बोट लावलं तर घडी लागत होती. साहेबांनी मुलींना विचारलं, कुणी फोनवर त्रास दिला तर काय करायचं? सगळ्या एका सुरात म्हणाल्या, विश्वासातल्या मोठ्या माणसाला सांगायचं. मी शिकवलेलं होतं ते, सूरसुद्धा माझाच. साहेब खूश झाले. आता मी बोलणार होते. मी पर्सची चेन उघडली.

तेवढ्यात डावीकडच्या रांगेत तिसऱ्या बाकावर ऋतुजा उभी राहिली. शेजारची जागा मोकळी होती, तिथं तिनं दप्तर ठेवलं होतं. तिला सगळं माहीत असणार हे मला तेव्हा कळलं. किंवा माहीत नसेल आणि तिचंही काहीतरी असेल. तिचे डोळे माझ्यावर होते, तसेच, ते मला ओळखू आले.

“बाई,” ती म्हणाली, “पेटीत टाकलेलं तुमी खरंच वाचता का?”

साहेब हसत माझ्याकडे वळले. दोन्ही बाईंनी कागदावरून माना वर केल्या. घाडगे सर दाराच्या चौकटीला हात धरून उभे होते, सकाळपासून त्यांनी काही खाल्लं नव्हतं, चेहरा पांढरा पडला होता. माझी बोटं चिठ्ठीवर होती. तोंडात नाही हा शब्द होता, अगदी जिभेवर, आणि मी तो उच्चारायला तोंड उघडलं, आणि ऋतुजाच्या तोंडाकडे बघता बघता मला जाणवलं की साहेबांनी समाधानानं वहीत काहीतरी लिहिलं आहे आणि ती मुलगी हळूहळू खाली बसते आहे, कारण माझी मान हलत होती.